फक्कीच्या भिंती

फकिरा मिस्तरीने तिन्ही पाट्या ओट्यावर पालथ्या मांडल्या, पंच्याने तोंड पुसले आणि दारात आलेल्या यमुनाबाईंना विचारले,

"बाई, एक नंबर कोनच्या अंगानं धरायचा?"

यमुनाबाईंनी आधी ताकाचा तांब्या त्याच्या हातात दिला. वैशाखातली दुपार होती आणि तो भर उन्हातून पाट्या डोक्यावर घेऊन आला होता. तांब्या रिकामा होईपर्यंत त्या थांबल्या.

"कसला एक नंबर?"

"ह्ये बघा की. रंगाऱ्यानं पाट्यांच्या पाठीवर आकडे घातलेत. आकडे कळतेत मला, अक्षरं नाय कळत. रावसायब म्हणले, तीन खोल्या एका वळीत हायेत, नंबरापरमानं पाट्या ठोक. पर वळ कुठून मोजायची त्ये सांगायचं राहिलं. भुईवर चुन्याची फक्की मारून इमारत आखून झाली, दारं-खिडक्या सोडून झाल्या. उद्या आखाजीला सकाळी नारळ फुटायचा, अन् माझं ह्या पाट्यांपाशी अडलंय."

रावसाहेब म्हणजे यमुनाबाईंचे यजमान, व्यंकटराव पैठणकर. ते सतरंज्या सांगायला उस्मानपुऱ्यात गेले होते आणि दिवेलागणीशिवाय परतणार नव्हते.

यमुनाबाईंनी पहिली पाटी सुलटी केली. पाठीवर एकचा आकडा आणि पुढे ठळक अक्षरांत 'वाचन दालन'. दुसरीवर 'ग्रंथ दालन'. तिसरी त्यांनी उलटून पाहिली नाही. तिच्यावर काय लिहिले आहे ते त्यांना ठाऊक होते.

जागा गुलमंडीच्या पाठीमागची. निजामाच्या वेळी तिथे करोडगिरीचे गोदाम होते, म्हणजे बाहेरून आलेल्या मालावर जकात घेण्याचे. गाड्या थांबवून गोण्यांत सळया खुपसून पाहत. पोलीस ॲक्शननंतर गोदाम ओस पडले, पुढे ढासळले, आणि सहा वर्षांच्या अर्ज-विनंत्यांनंतर ती जागा शहरातल्या मराठी वाचनालयाला मिळाली. तोवर वाचनालय एका अत्तरवाल्याच्या दुकानावरच्या माडीत चालत होते. तिथून आलेल्या प्रत्येक पुस्तकाला हिना अत्तराचा वास येई, मग ते पुस्तक वेदान्ताचे का असेना.

इमारतीचा नकाशा व्यंकटरावांनीच काढला होता. बंदोबस्त कचेरीत त्यांनी तीस वर्षे जमिनीचे नकाशे काढले होते, सगळे उर्दूत. नकाशा वेगळा आणि फर्द वेगळी, अशी त्या कचेरीची शिस्त. नकाशावर नुसत्या रेघा ओढायच्या आणि नावांची यादी क्रमाने फर्दीवर लिहायची. राज्य बदलले, दप्तर बदलले, व्यंकटरावांना पेन्शन झाली, पण हाताने काही पेन्शन घेतली नव्हती. मराठी अक्षरे डावीकडून लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते म्हणून तेवढी ते तशी लिहीत. बाकी सगळे जग त्यांच्या लेखी उजवीकडून सुरू होई. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी हौसेने स्वयंपाकघरातल्या डब्यांची यादी करून फळीवर चिकटवली होती. यादीत पहिली साखर होती. नव्या सुनेने डावीकडचा पहिला डबा उघडला आणि सासऱ्यांच्या चहात ओवा पडला.

तेव्हा व्यंकटरावांचा एक नंबर कुठून सुरू होतो हे त्या घरात यमुनाबाईंहून जास्त कोणाला ठाऊक असणार? त्यांनी नुसते 'उजवीकडून' म्हटले असते तरी फकिरा निघून गेला असता.

पण पंधरा दिवसांपूर्वी याच घराच्या बैठकीत नकाशा ठरला, तेव्हा त्या पडद्यामागे चहा गाळत होत्या. जागा रस्त्याला समांतर, लांबट. रस्त्यावरून पाहिले तर उजव्या अंगाला जुना कडुनिंब, वारा, सावली. डाव्या अंगाला टांग्यांचा अड्डा, लिदीचा वास आणि घोड्यांचे फुरफुरणे. उजवीकडे मोठी खोली, मधे पुस्तकांची, डावीकडे लहान. मोठ्या खोलीतून पुस्तकांच्या खोलीत जायला मोकळे दार. लहान खोलीतून मात्र तिकडे दार नाही, भिंत.

"बायका येणार कितीशा?" वाचनालयाचे अध्यक्ष आप्पासाहेब म्हणाले होते. ते बिडकीनचे मोठे बागायतदार. मनाने दिलदार, आवाजाने त्याहून. "आल्या त हळदीकुंकवापुरत्या येतील. लहान खोली लई झाली."

"पण त्यांना पुस्तकं कशी मिळणार?" कोणीतरी विचारले.

"खिडकी ठेवू," व्यंकटराव म्हणाले होते. "चिठ्ठी द्यायची, ग्रंथपाल पुस्तक काढून देईल."

ती खिडकी ऐकून यमुनाबाईंच्या हातातले गाळणे कपाबाहेर गेले होते. खिडकी सुचवावी ती ह्यांनीच, याचे त्यांना फार वाईट वाटले होते.

कारण पुस्तकाच्या बाबतीत त्यांचे एक जुने दुखणे होते. सव्वीस वर्षे त्या वाचत आल्या होत्या आणि सव्वीस वर्षांत एकही पुस्तक त्यांनी स्वतःच्या हाताने निवडले नव्हते. बायकांनी माडीवर जायची रीत नव्हती. व्यंकटराव आणतील ते वाचायचे. ते बापडे मनापासून आणत, पण ग्रंथपाल बद्रीनाथ हाताला येईल ते देई. बारा वर्षांपूर्वी एकदा निळ्या पुठ्ठ्याची एक कादंबरी आली. यमुनाबाईंनी रात्रीची भांडी तशीच ठेवून ती उघडली. पहिल्याच ओळीत नायिका ट्रंक उचलून घराबाहेर पडत होती आणि मागे वळून पाहत नव्हती. का बाहेर पडत होती ते पुस्तकात कुठेच नव्हते, कारण तो दुसरा भाग होता. पहिला भाग आणा, असे त्या दर पंधरवड्याला सांगत राहिल्या आणि दर पंधरवड्याला व्यंकटराव बद्रीनाथचे उत्तर घेऊन येत राहिले. आलं असेल तर मिळेल. दुसरा भाग त्यांनी तीनदा वाचला होता. ती बाई पुढे शिकली, मास्तरीण झाली, सुखात राहिली, पण घरातून का निघाली ते शेवटपर्यंत कळले नाही.

"बाई?" फकिराने तांब्या खाली ठेवला. "लई येळ झाला. उजवीकडनं का डावीकडनं?"

"डावीकडून," यमुनाबाई म्हणाल्या.

"म्हंजी टांग्यांच्या अंगानं?"

"हो. वाचतात ते डावीकडूनच ना."

"आता वाचतेत कसं त्ये मला काय म्हाईत," फकिरा हसून म्हणाला, आणि पाट्या डोक्यावर घेऊन चालू लागला. तो कोपऱ्यावरून वळला तेव्हा यमुनाबाईंना दिसले की पदराचे टोक आपण पिळून पिळून दोरीसारखे केले आहे.

दिवेलागणीला व्यंकटराव आले. पाय धुताना त्यांनी विचारले,

"फकिरा येऊन गेला?"

"आला होता. ताक पिऊन गेला."

"काही विचारत होता?"

"पाट्यांचं विचारत होता. सांगितलं मी."

"बरं केलंस," ते म्हणाले आणि उद्याच्या भाषणाचा कागद शोधू लागले. यमुनाबाईंनी खोटे काही सांगितले नव्हते. तरी त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडले आणि व्यंकटरावांनी ती न बोलता खाल्ली.

अक्षय्य तृतीयेला पहाटेच व्यंकटराव पुस्तकांच्या तीन ट्रंका टांग्यात घालून पुढे गेले. यमुनाबाई आठाच्या सुमाराला आळीतल्या बायकांबरोबर पोचल्या, आणि जागा पाहून रस्त्यावरच थबकल्या. हे सगळे इतके स्पष्ट दिसेल असे त्यांना वाटलेच नव्हते.

झाडून शिंपडून घट्ट केलेल्या लाल जमिनीवर पांढऱ्या फक्कीने पूर्ण इमारत आखली होती, आहे त्या मापाने. भिंतींच्या जाड दुहेरी रेघा. जिथे रेघ सुटली तिथे दार. जिथे दोन आडव्या रेघा तिथे खिडकी. पुढे ओसरी, ओसरीला तीन पायऱ्या, त्याही फक्कीच्याच. आणि प्रत्येक खोलीपुढे खुंटीला ठोकलेली पाटी. डावीकडे टांग्यांच्या अड्ड्याशेजारी 'वाचन दालन'. मधे 'ग्रंथ दालन', तिथे विटांवर फळ्या टाकून पुस्तके मांडलेली. आणि उजवीकडे कडुनिंबाखाली, त्या सगळ्या सावलीत आणि मोहराच्या वासात, 'महिला विभाग'.

फकिरा हातात काठी घेऊन राखणीला उभा होता. काल सकाळभर वाकून मारलेली फक्की कोणी तुडवली तर त्याच्या जिवाला लागत असे.

"दारातनं या! दारातनं!" तो प्रत्येकाला सांगत होता. "ती भिंत हाय बाई, भिंतीतनं कुठं शिरता?"

आणि गंमत अशी की लोक ऐकत होते. पायऱ्यांच्या रेघांपाशी माणसे आपोआप पाय उचलत होती. एक म्हातारे गृहस्थ तर दाराच्या जागी क्षणभर वाकले, जणू चौकट डोक्याला लागेल. मोकळ्या मैदानात सगळे शहाण्यासारखे वळसे घालून चालत होते, आणि प्रत्येकाच्या तोंडावर हसू होते. सहा वर्षे अर्जांत मागितलेली इमारत आज पायाखाली होती.

भूमिपूजन ईशान्येच्या कोपऱ्यात. तो कोपरा नेमका उजव्या खोलीत येत होता. आप्पासाहेब आणि त्यांची पत्नी आशाबाई पाटावर बसले, भटजींनी घाई केली, कुदळ मारली, नारळ फुटला. मग आशाबाईंनी भूमीची ओटी भरली. खण, नारळ, गहू, हळकुंड. त्यांच्यामागून एकेक करत तीस-पस्तीस बायका त्या खोलीत आल्या, प्रत्येकीने मूठ-मूठ गहू वाहिले, एकमेकींना कुंकू लावले आणि कोणीतरी सतरंजी ओढली म्हणून सगळ्या तिथेच बसल्या.

आप्पासाहेब उठून उपरणे सारखे करत होते, तेव्हा त्यांची नजर पाटीवर गेली. त्यांनी ती वाचली. मग दुसऱ्या टोकाची वाचली.

"व्यंकटराव," ते म्हणाले. त्यांच्या मते ते हळू बोलले, पण गुलमंडीपर्यंत ऐकू गेले असेल. "पाट्या उलट्या लागल्यात की."

यमुनाबाई सतरंजीच्या काठाशी बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली आणि वाहिलेल्या गव्हाचे दाणे बोटाने एकत्र करू लागल्या. आता फकिरा म्हणणार, बाईंनी सांगितलं. आणि मग पस्तीस बायकांसमोर, साऱ्या मंडळासमोर हे माझ्याकडे पाहणार.

व्यंकटरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"फर्दीप्रमाणेच लागल्यात आप्पासाहेब. एक, दोन, तीन."

"पर एक नंबर ह्या अंगानं ठरला व्हता ना?"

"फर्दीत बाजू लिहायची राहिली. चूक माझी आहे."

यमुनाबाईंनी मान वर केली. तीस वर्षांच्या नोकरीत व्यंकटरावांनी दप्तरातली चूक कबूल केल्याचे कोणी ऐकले नव्हते. एकदा साक्षात वरच्या साहेबाने चूक काढली, तेव्हा ह्यांनी साहेबालाच नवी पट्टी घ्यायला सांगितले होते.

"असू द्या, माणूस हाय, चुकतंच," आप्पासाहेब म्हणाले. "मिस्तरी, घ्या हातोडा. बदला पाट्या."

"कुठं बदलता?" हा आवाज आशाबाईंचा होता. त्या खाली बसूनच बोलल्या, हाताला अजून ओली हळद होती. "ओटी भरली इथं."

"ओटी भुईची भरली. पाटीची नव्हं."

"व्हय, भुईचीच भरली. अन् त्याच भुईवर आमी बसलोत. भरल्या ओटीवरनं बायांना उठवतेत का कुठं? तुमच्या आईसमोर बोलला असता का असं?"

आप्पासाहेब आजूबाजूच्या बारा गावांचे तंटे मिटवत. त्यांचा शब्द शेवटचा असे. पण शेवटचा शब्द कोणाकोणासमोर चालतो याचीही शहाण्या माणसाला जाण असते. त्यांनी भटजींकडे पाहिले. भटजी दक्षिणेच्या ताटाकडे पाहत होते. त्यांनी व्यंकटरावांकडे पाहिले. व्यंकटराव कडुनिंबाच्या शेंड्याकडे पाहत होते.

"बरं, बसा," आप्पासाहेब म्हणाले. "आमी जातो आमच्या खोलीत." आणि त्यांनी सरळ पाऊल उचलले.

"आप्पासायब, भिंत हाय तिथं," फकिरा म्हणाला.

पाय हवेतच थांबला. आधी एक बाई हसली, मग सगळ्याच हसल्या, मग पुरुषही. आप्पासाहेबांनी पाय मागे घेतला, पांढऱ्या रेघेकडे पाहिले आणि स्वतःच मोठ्याने हसत दाराच्या वाटेने निघाले. ओसरीवरून पूर्ण वळसा घालून ते डाव्या टोकाच्या खोलीत शिरले. त्यांच्यामागून मंडळाचे पुरुष. सहा माणसांच्या जागेत चौदा जण उभे राहिले. ऊन थेट तोंडावर येत होते. शेजारी एक घोडा तोबऱ्यातून मान काढून त्यांच्याकडे बघू लागला.

"बद्रीनाथ," आप्पासाहेबांनी हाक मारली. "आजचं वर्तमानपत्र दे इकडं."

ग्रंथपाल बद्रीनाथ मधल्या खोलीत नोंदवही पोटाशी धरून उभा होता. वर्तमानपत्र त्याच्या पायाशीच होते. पण त्या बाजूला दार नव्हते, दोन आडव्या रेघांची खिडकी होती, आणि फकिराची काठी होती. बद्रीनाथच्या तोंडून वीस वर्षांच्या सवयीने जे निघायचे तेच निघाले.

"चिठ्ठी द्या, आप्पासाहेब."

त्यावर जो हशा उठला त्याने टांग्याचे घोडे बिचकले. आप्पासाहेबांनी खरोखरच खिशातून लग्नपत्रिकेचा तुकडा काढला, त्यावर पेन्सिलीने 'वर्तमानपत्र' असे लिहिले आणि खिडकीतून हात पुढे केला. बद्रीनाथने गंभीरपणे चिठ्ठी घेऊन वर्तमानपत्र दिले. चौदा जणांनी चार पाने वाटून घेतली.

उजवीकडच्या खोलीत मात्र बायका दाराकडे पाहत होत्या. फक्कीच्या रेघेत सोडलेली तीन हातांची मोकळी जागा, आणि पलीकडे पुस्तके. कोणी उठत नव्हते. जायचे का, असे एकीने दुसरीला डोळ्यांनी विचारले, दुसरीने तिसरीला.

यमुनाबाई उठल्या. चपला बाहेरच होत्या, तरी त्यांनी दाराशी पाय पुसल्यासारखे केले आणि आत गेल्या.

चार फळ्यांवर चारशे पुस्तके. सकाळच्या उन्हाने तापून त्यांचा हिनाचा वास सगळीकडे पसरला होता. यमुनाबाईंनी पहिल्या पुस्तकाला नुसते बोट लावले. मग दुसऱ्याला. कोणी हटकले नाही. मग त्या फळीच्या कडेने बोट फिरवत निघाल्या, वाळत घातलेल्या सांडग्यांवरून फिरवावे तसे, हलक्या हाताने. बायकांच्या खोलीच्या दाराजवळ, दुसऱ्या फळीच्या टोकाला एक निळे पुस्तक उभे होते. पाठीवरची अक्षरे उडाली होती. त्यांनी ते उघडले. आत नाव होते, आणि नावाखाली, भाग पहिला.

त्यांना रडू येईल असे वाटले, पण आले ते हसू. बारा वर्षे जे मिळत नव्हते ते उचलायला दोन बोटे पुरली होती.

"बाई," बद्रीनाथ जवळ येऊन कुजबुजला, "चिठ्ठी..." मग त्याचे त्यालाच वाटले असावे. त्याने वही उघडली. "नाव सांगा. कोणाच्या नावावर लिहू?"

"यमुना व्यंकटराव पैठणकर," त्या म्हणाल्या. त्या वहीत असे नाव यापूर्वी आलेले नव्हते. बद्रीनाथला ते लिहायला जरा वेळ लागला.

तोवर बाकीच्या आत आल्या होत्या. एकीला पाककृती हवी होती, एकीला बाळंतिणीचे औषध, एकीला काहीही, फक्त जाड हवे होते. आशाबाई चित्रांचे एक प्रवासवर्णन घेऊन कडुनिंबाला टेकून बसल्या आणि बर्फाच्या डोंगराचे चित्र शेजारणीला दाखवू लागल्या. निंबाचा बारीक मोहर उघड्या पानांवर पडत होता. आठ वाजता हळदीकुंकवापुरत्या आलेल्या बायका साडेअकरा झाले तरी उठल्या नव्हत्या. घरोघरी आमरस करायचा होता, हे आधी आठवले ते पुरुषांना.

निघताना आप्पासाहेबांनी घाम पुसत व्यंकटरावांना सांगितले,

"काढा नकाशा पाट्या हायेत तसाच. उद्या म्युन्सिपाल्टीत द्यायचाय. तेवढी खिडकी जरा मोठी धरा. माझं डोकं शिरलं पायजे."

संध्याकाळी व्यंकटराव कोरा कागद नकाशाच्या फळीवर ताणून बसले. पट्टी, पेन्सिल, शाई, टिपकागद, सगळे त्यांनी नेहमीप्रमाणे उजवीकडून ओळीने मांडले. यमुनाबाई समोर बसल्या. मांडीवर निळे पुस्तक होते. आमरस गाळताना, पोळ्या लाटताना, दुपारी सगळे लवंडल्यावर त्यांनी ते वाचले होते. ती बाई घर का सोडते, ते त्यांना तासाभरापूर्वी कळले होते. तेव्हापासून त्यांचे मन फार हलके झाले होते, आणि एका बाजूने फार जड.

"अहो," त्या म्हणाल्या. "काल फकिरानं विचारलं ना, तेव्हा मी..."

"आज सकाळी त्यानं मलाही विचारलं," व्यंकटराव पट्टी पुसत म्हणाले.

"काय?"

"पाट्या नीट लागल्या का, म्हणून. सहा वाजले होते. दुसरं कोणी आलं नव्हतं. हातोडा त्याच्या हातातच होता."

यमुनाबाई जरा पुढे सरकल्या.

"मी त्या लहान खोलीत गेलो. म्हटलं, बघू तरी. खिडकीपाशी उभा राहिलो." त्यांनी पट्टी खाली ठेवली. "भिंत फक्कीची. पलीकडची सगळी पुस्तकं दिसत होती, नावं वाचता येत होती. पण हात पुरत नव्हता."

"मग?"

"मग काय. म्हटलं फकिराला, नीट लागल्यात. आणि ट्रंका उघडायला घेतल्या." त्यांनी मांडीवरच्या पुस्तकाकडे पाहिले. "ते तिसऱ्या ट्रंकेच्या तळाशी होतं. निळं एवढंच आठवत होतं मला."

यमुनाबाईंना त्या क्षणी नवऱ्याची फार माया आली. थोडा रागही आला, कारण त्या खिडकीपाशी उभे राहायला या माणसाने सव्वीस वर्षे घेतली. पण माया जास्त होती. त्यांनी समई जरा कागदाजवळ सरकवली.

व्यंकटरावांनी तीन चौकोन आखले. मग बोरू शाईत बुडवला, हात सवयीने कागदाच्या उजव्या कडेला गेला, तिथे थांबला, आणि तसाच उचलून डाव्या कडेला आला. पहिल्या चौकोनात त्यांनी एकचा आकडा काढला. फर्द वेगळी न करता नावही तिथेच घातले. तिसऱ्या चौकोनात 'महिला विभाग' लिहून झाल्यावर त्यांनी त्यावर फुंकर घातली आणि कागद थोडा लांब धरून पाहिला.

"ती ट्रंक घेऊन घर का सोडते मग?" त्यांनी विचारले. "बारा वर्षं मीही ऐकतोय."

यमुनाबाईंनी पुस्तक मिटून पदराखाली घेतले.

"उद्या तुमच्या खिडकीतून चिठ्ठी द्या," त्या म्हणाल्या. "आलं असेल तर मिळेल."